शुक्रीचा हात

११ नोव्हेंबर २०२४

पोहोचले. स्कॅनर माझ्याआधी टेम्पोनं येऊन पोहोचला होता आणि पेटीवरचं सील शाबूत होतं. दिवस चांगला गेला असं म्हणायला हरकत नाही.

जीवनसरांचा बंगला डहाणूजवळ कैनाडला आहे, रस्त्यापासून आत, चिकूच्या वाडीत. तोडणी चालू आहे. ओट्यावर फळांचे ढीग, सगळीकडे गोडसर चिकट वास. मला मागची मोठी खोली दिली आहे. खिडक्यांना काळा कपडा लावून घेतला, वीज तपासली, जमिनीला हादरे नाहीत हे पाहिलं. पुण्याच्या लॅबमध्ये आम्ही चौघं मिळून एक टेबल वापरतो. इथे सगळं टेबल माझं. दार लावून एक गिरकी घेतली.

जीवनसर पायऱ्यांवर उभे होते. गाडी पूर्ण थांबेपर्यंत हलले नाहीत. मग उतरायला लागले, जिथे ऊन चेहऱ्यावर येतं त्या पायरीवर क्षणभर थांबले आणि हसले. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसानं घेतलेली एन्ट्री होती ती, आणि ती चांगली होती. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या, मनगटावर रुंद घट्ट कफ. हे कफ प्रसिद्ध आहेत. माझ्या बाबांच्या कॉलेजात निम्म्या पोरांनी शिंप्याला सांगून तसे शिवून घेतले होते. सरांनी विचारलं, माझे किती सिनेमे पाहिलेस. मी तीन म्हटलं. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, येणारा प्रत्येक जण सगळे पाहिले म्हणतो, खरं बोलणारी तू पहिलीच. मी फिल्मचे आजार बरे करते, म्हणून आजपासून त्यांनी मला डॉक्टरीणबाई करून टाकलं.

काम असं आहे. ‘पाणओढ’ हा त्यांचा गाजलेला चित्रपट, १९७६ चा, कृष्णधवल. त्याची एकही धड प्रत उरलेली नाही. मूळ निगेटिव्ह सरांच्याच कपाटात निघाली. जानेवारीत एका महोत्सवात त्यांचा सत्कार आहे, तिथे ‘पाणओढ’ची दुरुस्त प्रत दाखवायची. शिवाय त्यांच्या मुलीला, हेतलताईंना, सत्काराच्या वेळी दाखवायला सरांच्या सगळ्या कारकिर्दीचा शोरील, म्हणजे निवडक सीनची फीत, हवा आहे, पहिल्या भूमिकेपासून शेवटच्यापर्यंत क्रमानं. त्या मुंबईला असतात, फोनवर बोलतात. निगेटिव्ह घराबाहेर जाणार नाही ही सरांची अट, म्हणून मी इथे.

घर आणि स्वयंपाक ठकीबाई बघतात. वय पंचावन्नच्या पुढे, तलासरीकडच्या. त्यांनी मला विचारलं, बाय, सुकं मासं खातेस का. मग, एकटीच आलीस का. मग, लगीन का नाही झालं. याच क्रमानं. पहिल्याचं उत्तर हो दिल्यावर बाकीच्या दोन्हींची त्यांना फारशी फिकीर दिसली नाही.

१४ नोव्हेंबर

जेवताना सरांनी विचारलं की मी नक्की करते काय, आणि मला ते नीट सांगता आलं नाही. इथे सांगते. चित्रपट म्हणजे एकामागून एक लावलेले फोटो, सेकंदाला चोवीस. धुळीचा कण किंवा ओरखडा सहसा एका फ्रेमवर असतो, शेजारच्या फ्रेमवर नसतो. तेव्हा शेजारून तेवढाच स्वच्छ तुकडा उचलायचा आणि भोकावर बसवायचा. मी नवं काही बनवत नाही, शेजाऱ्याकडून उसनं आणते. सरांना ते आवडलं. त्यांच्या धंद्यातही सगळं असंच चालतं म्हणाले.

मग त्यांनी आपली कथा सांगितली. चिपळूणच्या पोस्टमनचा मुलगा. बँकेत चिकटला, नाटकांच्या स्पर्धांमुळे सुटला. पहिल्या सिनेमात प्रेताचं काम मिळालं. पापणी अजिबात हलत नाही म्हणून दिग्दर्शकानं त्याला लक्षात ठेवलं, आणि पुढे ‘पाणओढ’चा नायक केलं. त्या एका चित्रपटासाठी मोठं पारितोषिक. लगेच हिंदी, हिंदी निर्मात्याची मुलगी, तिच्याशी लग्न. मग इन्स्पेक्टर, न्यायाधीश, नायिकेचे बाप. मालिकेत तर त्यांना दोनदा मारलं आणि पहिल्यांदा लोकांनी पत्रं लिहिली म्हणून जिवंत केलं. गेल्या वर्षी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. नाटकातल्या सम्राटाच्या सिंहासनापासून गुडघ्यापर्यंत आलो, असं म्हणून त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. पत्नी वारल्याला बरीच वर्षं झाली.

ते नेहमी खिडकीच्या डाव्या बाजूला बसतात. उजेड त्यांच्या डाव्या गालावर हवा असतो. मी खुर्ची हलवली तर ते पुन्हा हलवतात.

१७ नोव्हेंबर

आज लग्नाचं रीळ. मी आजवर हाताळलेलं सगळ्यात सुंदर रीळ.

दिग्दर्शकाला सगळं खरं हवं होतं. तलासरीजवळच्या एका पाड्यावर, झोपडीच्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठानं देवचौक लिहिला. वारल्यांमध्ये लग्न लावते ती बाई, धवलेरी. तिला बोलावलं. तिनं गायला सुरुवात केली आणि दिग्दर्शकानं ‘कट’ म्हटलंच नाही. रीळ संपलं की दुसरं चढवलं, पण गाणं थांबवलं नाही. नवरी त्या पाड्यावरचीच, शुक्री. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

सरांनी पुढचा किस्सा सांगितला. पार्ट्यांमध्ये तो ते नेहमी सांगतात, हे त्यांच्या सफाईवरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रीचा बाप दोन कोंबडे आणि ताडीचा डबा घेऊन तंबूवर हजर. माझा जावई कुठे आहे विचारायला लागला. सगळ्या युनिटला चेष्टेला विषय मिळाला. जावईबापूंना चहा द्या रे, जावईबापू रुसले वाटतं, सासुरवाडीचा पाहुणचार कमी पडला का. कॅमेरा असिस्टंट तर शॉटच्या आधी वाकून नमस्कार करायचा. सरांनी त्या बापाची उभं राहण्याची लकब करून दाखवली, हातातले कोंबडे फडफडत होते तेसुद्धा. मी हसले. अभिनय चांगला होता.

नंतर पुन्हा रीळ पाहिलं. शुक्री अभिनय करत नाही. कॅमेरा कुठे आहे ते तिला माहीतही नाही. ती फक्त त्यांच्याकडे पाहते.

१९ नोव्हेंबर

ठकीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर लग्न चालू होतं. त्या उभ्याच राहिल्या. मग एकेकाकडे बोट दाखवून नावं सांगायला लागल्या. ही माझी आत्या, हा मोरू, हा तेव्हाही पिऊनच होता. गाणारी धवलेरी त्यांची आजी. नवरी त्यांची मोठी बहीण.

मी विचारलं, मग तुम्ही इथे कशा. मला काहीच कळत नाही अशा चेहऱ्यानं त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, बहिणीचं सासर आहे हे, माहेरचं कुणीतरी नको का इथं? गाणं पुरं झालं होतं. मधे कुणी थांबवलं नव्हतं. म्हणजे लग्न झालं. तिथं फोटोची पेटी होती की नव्हती, पेटीत काय गेलं, त्याच्याशी लग्नाचा काय संबंध?

त्यानंतर शुक्रीला दुसरीकडून मागणी येणं शक्य नव्हतं. ती रोज शूटिंगला जाऊन जीवनसरांच्या खुर्चीपाशी बसायची. सरांचं मुंबईत एका मुलीशी जमत होतं, त्या मुलीचा बापच पुढच्या सिनेमाचा निर्माता. शुक्री म्हणायची, मी पण येते मुंबईला, निर्मात्याला सांगते माझा नवरा आहे म्हणून. तिला कुणी हाकललं नाही, कारण तिचा शेवटचा सीन बाकी होता. पुराचा. त्याच सीनमध्ये ती वाहून गेली. कमरेचा दोर तुटला, असं म्हणाले. ‘म्हणाले’ हा शब्द ठकीबाईंनी जरा सावकाश उच्चारला.

इतक्या वर्षांत सरांनी त्यांना एकदाही विचारलेलं नाही की तुझा पाडा कुठला.

२२ नोव्हेंबर

पुराचं रीळ. पटकथेत असं आहे: नवरा पुरात बायकोचा हात धरून आहे, दोघंही बुडणार हे दिसल्यावर ती आपण होऊन हात सोडते. तो किंचाळतो. पारितोषिक त्या किंकाळीला मिळालं.

या शॉटमध्ये फ्रेमचा उजवा खालचा कोपरा खरवडलेला आहे. प्रोजेक्टरमधून जाताना पडणारे ओरखडे उभे असतात. हे आडवे आहेत, टोकदार हत्यारानं काढलेले, प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी. बाकीच्या फ्रेमला धक्काही नाही. कुणीतरी निगेटिव्ह समोर घेऊन, भिंग लावून, बसून केलेलं काम आहे.

कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि खरवडलं तरी खाली थोडी चांदी उरते. वेगवेगळ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा स्कॅन केलं आणि ते थर एकमेकांवर बसवले. कोपरा वर आला.

जे दिसतं ते लिहिते. शुक्रीनं त्यांचं उजवं मनगट घट्ट धरलं आहे. ती सोडत नाही. त्यांचा डावा हात तिच्या कमरेपाशी पाण्यात आहे. तिथून दोराचं टोक वर येतं आणि तरंगत निघून जातं. टोक तुटलेलं नाही, त्याला गाठीचा पीळ आहे. मग त्यांचा डावा हात वर येतो आणि आपल्या मनगटावरचं तिचं एकेक बोट उचलतो. या सगळ्या वेळात त्यांचा चेहरा वर कॅमेऱ्याकडे आहे, ते किंचाळत आहेत, किंकाळी उत्तम आहे. शुक्री त्यांच्या हाताकडे पाहत नाही. चेहऱ्याकडे पाहते आहे, लग्नात पाहत होती तशीच.

२३ नोव्हेंबर

सरांना दाखवलं. न दाखवणं मला शक्य नव्हतं, रीळ त्यांचं आहे.

त्यांनी शांतपणे पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. म्हणाले, चेहरा फार छान आलाय. मग म्हणाले, कोपऱ्यात घाण आहे तेवढी काढून टाक. मी म्हटलं की ती घाण नाही. ते हसून म्हणाले, डॉक्टरीणबाई, डाग कुठला ते डागाला विचारून ठरवतात का? श्रेयनामावलीत माझं नाव एकटं, स्वतंत्र पाटीवर येईल. पुढची कामंही माझ्याकडेच येतील, ते शब्द टाकतील.

जेवणाच्या आत काम झालं. कोपरा प्रत्येक फ्रेममध्ये खराब, म्हणून कोपऱ्याच्या शेजारचं पाणी उचललं, हातावर बसवलं. पाणी सगळीकडे सारखंच असतं, जोड दिसत नाही. आता तिथे फक्त नदी आहे. मूळ स्कॅन नियमाप्रमाणे वेगळ्या डिस्कवर ठेवला आहे.

मला काही वाटलं नाही. हे लिहिते आहे त्या अर्थी काहीतरी वाटलं असणार, पण ते मी तपासलं नाही.

२५ नोव्हेंबर

सर आज बाह्या दुमडून नाश्त्याला आले. ठकीबाईंच्या हातातलं भांडं तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी सरांचं मनगट आजवर पाहिलं नव्हतं.

सरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. ‘पाणओढ’च्या शूटिंगपासून तिथे चट्टे होते, बोटांसारखे, कुठल्याच मलमानं न गेलेले. म्हणून ते कफ. आज सकाळी चट्टे गेले. त्या जागी ऊन न लागलेली फिकट कातडी आहे. आगर गावाहून पापलेट मागवलं, माझ्या ताटात दोन वाढायला सांगितली, आणि वाडीतल्या बायकांना गाणं म्हणून दाखवलं. चिकू तोडणारी निर्मला म्हणाली, शेट आज नवरदेवावानी दिसतात. सगळ्या हसल्या. ठकीबाई हसल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर

शोरीलला सुरुवात केली. ‘पाणओढ’नंतरचा पहिला हिंदी चित्रपट. सर इन्स्पेक्टर आहेत, जीपला टेकून उभे. त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, एक हात आहे.

बायकी हात. ओला. तो कुणाचाच नाही, फ्रेममध्ये दुसरं माणूस नाही. मनगटानंतर तो संपतो.

डिस्क सदोष असेल म्हणून तोच चित्रपट फोनवर लावला. तिथेही आहे. हेतलताईंना फ्रेम पाठवली. त्यांना काही दिसलं नाही. फाइल खराब असेल म्हणाल्या. ठकीबाईंना बोलावलं. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, वर सरकली.

२८ नोव्हेंबर

सरांची बाही पुन्हा खाली आली आहे. चट्टे आता कोपराखाली आहेत. मी काही न सांगता ते माझ्या खोलीत आले आणि तो सीन दाखव म्हणाले. त्यांना हात दिसतो. म्हणाले, पुस.

पुसला. तासाभरात त्यांची कातडी साफ झाली. पुढचा चित्रपट लावला. न्यायाधीशाच्या काळ्या झग्यावर, दंडावर, ओला हात.

२ डिसेंबर

नियम स्पष्ट झाला आहे. एका चित्रपटातून पुसला की तो त्याच्या पुढच्या चित्रपटात जातो, थोडा वर. मी काढत नाहीये. ढकलते आहे.

खात्री करायची म्हणून मी काम थांबवलं आणि यंत्र बिघडल्याचं सांगितलं. हात दंडावरच राहिला, चट्टेही. म्हणजे थांबता येतं. न पुसता सोडला तर सर अजून वीस वर्षं जगू शकतात, लांब बाह्यांत, आतापर्यंत जगले तसे.

हे त्यांना सांगायला हवं होतं. ते आले, खुर्ची खिडकीच्या डाव्या बाजूला सरकवली, आणि यंत्र नीट झालं का असं फार अदबीनं विचारलं. मग म्हणाले, त्या पोरीला तेव्हाच कुणीतरी समजावायला हवं होतं गं, सिनेमा म्हणजे काय असतं ते. तिच्यामुळे बिचाऱ्या दिग्दर्शकाला किती त्रास झाला.

मी म्हटलं, हो सर, झालं नीट. आणि पुसला.

एकदा मी तिचा हात पुसला होता, कारण मला तसं सांगितलं होतं. आताही सांगितल्याप्रमाणेच करते आहे. माझ्या कामात खोट काढता येणार नाही.

५ डिसेंबर

नायिकेचे बाप. मुलीची पाठवणी, सनई, सर डोळे पुसत आहेत. खांद्यावर ओला हात. सांत्वन केल्यासारखा.

पुसला. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मला हसू आवरावं लागलं. हे हसू कुठून आलं ते कळलं नाही, मी अशी हसत नाही.

डहाणूचा डॉक्टर येऊन गेला. छाती साफ आहे म्हणाला. सर म्हणतात, श्वास घेताना आत पाणी लागतं.

७ डिसेंबर

मालिका. दोन्ही मरणं पाहिली. पहिल्या मरणात हात गळ्याखालच्या हाडावर. पुसला. दुसऱ्यात मानेच्या कडेला. पुसला.

सर आंघोळ करत नाहीत. पाण्याचा तांब्या खोलीत ठेवू देत नाहीत. आज त्यांनी ठकीबाईंना विचारलं, तुझा पाडा कुठला. ठकीबाईंनी सांगितला. बापाचं नाव सांगितलं. आजीचं सांगितलं. आणि म्हणाल्या, दाजी, चहा आणू?

सर हसले. तोंड हसण्याचं होतं, आवाज आला नाही.

९ डिसेंबर

फक्त जाहिरात उरली. गुडघ्याचं तेल. नातवाबरोबर धावणारे आजोबा, बोर्डीचा किनारा, ऊन. गळ्याभोवती पाच बोटं.

याच्यापुढे चित्रपट नाही. पुसला तर तो कुठे जाईल हे मला माहीत आहे.

मी त्यांना एकदाच सांगितलं. सगळं सांगितलं, नियमासकट. इथे थांबता येईल. हात गळ्यावर राहील, पण तिथेच राहील. किंवा कॅमेऱ्यासमोर बसा आणि त्या दिवशी काय केलंत ते सांगा, ‘पाणओढ’मध्ये तिचा हात परत ठेवू, मग कदाचित ती स्वतःच सोडेल.

त्यांनी आरसा मागवला. चट्टे कॉलरच्या वर येतात. मफलर लावून पाहिला, काढला. म्हणाले, सत्काराला मी मफलर गुंडाळून जाऊ? म्हाताऱ्यासारखा? आणि कबुली कसली, लोक किंकाळी बघायला येणार आहेत.

मी जाहिरात पुन्हा पडद्यावर आणली.

ते म्हणाले, पुस.

१० डिसेंबर

पुसला. सकाळी, लख्ख उजेडात. सर खिडकीशी बसले होते. डावा गाल उजेडाकडे.

गळा साफ झाला. त्यांनी हात लावून पाहिला. आरशात हसले. मग—

कोरड्या खुर्चीत माणूस बुडताना मी पाहिला. तोंडातून पाणी आलं, गढूळ, पुराचं. त्यात भाताची पात होती. डिसेंबरात. दोन्ही हात समोर काहीतरी धरायला— एकेक बोट कुणीतरी उचलावं तसं उलटं उघडत गेलं. शेवटपर्यंत त्यांची नजर खोलीभर फिरत होती. मला वाटलं मदत शोधताहेत. नंतर कळलं. कॅमेरा शोधत होते.

किंकाळी आली नाही.

ठकीबाई दारात होत्या. म्हणाल्या, नेला. आणि जमीन पुसायला फडकं आणलं.

मला आनंद झाला. लिहून ठेवते. झाला.

१२ डिसेंबर

हेतलताई आल्या, रडल्या. डॉक्टरनं मृत्यूचं कारण हृदय लिहिलं. महोत्सव आता श्रद्धांजलीचा होणार, ‘पाणओढ’ उद्घाटनाला. प्रत ताबडतोब पाठवा म्हणाल्या.

पाठवली. मी साफ केलेली ती नव्हे. कोपऱ्यात हात असलेली. गाठ, दोर, बोटं, सगळं. पडदा चाळीस फुटी आहे. नामावलीत पहिलं नाव शुक्री. जीवन दुसरं.

आता बघू दे सगळ्यांना. जावईबापू.

१४ डिसेंबर

सगळे चित्रपट पुन्हा तपासले. हात कुठेच नाही. जाहिरातीतही नाही. ती घेऊन गेली असेल त्याला, संपलं असेल, असं—

भोक भरायला शेजारचं लागतं. हे मीच लिहिलं होतं. शेवटच्या फ्रेमच्या शेजारी कोण होतं? पुसणारी कोण होती?

उजवी बाही ओली आहे. पिळली. पुन्हा ओली. मनगटावर चट्टे नाहीत, वरून कुणी धरलेलं नाही. आतून आहे. हातमोज्यात हात घालावा तसा.

पेन जड लागतं.

१५ डिसेंबर

ठकीबाईंनी सकाळी हाक मारली, ताय. माझ्याहून तीस वर्षांनी मोठी बाई. मी ओ दिली.

त्या म्हणाल्या शुक्रीला लिहिता येत नव्हतं. करारावर अंगठा. तू लिहितेस कशाला आता, चल घरी, पाड्यावर वाट बघतात.

काही अक्षरं आठवत ना— हात थांबतो. चित्र काढल्यासारखं काढावं ला—

१६ डि

महोत्सवाच्या लॅबचा निरोप आला. ठकीनं नाही, मीच वाचला, अजून वाचता येत हो— प्रत छान आहे, उजव्या खालच्या कोपऱ्यात घाण राहिली आहे, आमच्या लॅबमधला मुलगा उद्या पुसून घेईल.

फोन केला. बोलले. तो म्हणाला मॅडम समजत नाही, मराठीत बोला. मी मराठीतच— मला वाटलं मराठीतच. धवलेरी आजीची भाषा येत होती तोंडात. त्यानं ठेवला.

टाइप— बटणांवर नुसत्या रेघा.

तिला पुन्हा पुसतील. ती सोडणार ना— आता त्या मुलाच्या— त्याचा दोष ना—

एवढंच लिहायचं. दोन शब्द. ठकी, कागद धर. दोन शब्—

पुसू न